वाहनांचा तरंगता पूल: ग्वाल्हेरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

चंबळेवरचा पिपांचा पूल लहानपणापासून पाहिलेला, लष्कराच्या गाड्या पाण्यात उतरून आपापसांत जोडल्या जाण्याचा व्हिडिओ नुकताच मोबाईलवर आलेला, आणि मग मनात येतं: "आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या काय कमी आहेत?" बहुतेक पत्रं अशीच सुरू होतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. आकडेमोड मुद्दाम उघड मांडली आहे, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही ती तपासता येईल.

प्र. १. तरंगत्या पुलात वाहन नेमकं कुठे येतं? पूल तर होड्यांचा असतो ना?

तीन प्रकार आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे प्रश्न चुकतात.

पहिल्या प्रकारात वाहन फक्त हमाल असतं. ट्रकवर घडी घातलेला पाँटून, म्हणजे पुलाचा तरंगता डबा, असतो. ट्रक मागे मागे पाण्यात जातो, ब्रेक मारतो, पाँटून घसरून पडतो आणि आपोआप उलगडतो. १९६० च्या दशकातला सोव्हिएत पीएमपी संच या जातीचा. पूर्ण संचात नदीतले ३२ आणि काठाचे ४ पाँटून असतात, त्यातून ६० टन भाराचा २२७ मीटर पूल होतो. आपल्या लष्करातला पीएमएस पूलही याच घराण्यातला.

दुसऱ्या प्रकारात वाहन हाच पूल. रस्त्यावरून चाकांवर येतं, पाण्यात तरंगतं, शेजारच्या वाहनाला जोडलं जातं आणि रणगाडे त्याच्या पाठीवरून जातात. जर्मन-ब्रिटिश एम-३ आणि फ्रेंच जिलुआ ही याची उदाहरणं (प्र. ४ आणि ५).

तिसरा प्रकार जुगाडाचा. बैलगाड्या, ट्रक, ट्रॉल्या, टँकर, म्हणजे मुळात पुलासाठी न बनवलेली वाहनं. पत्रं सगळ्यात जास्त याचीच येतात आणि गैरसमजही याचेच जास्त (प्र. ७ ते ११).

प्र. २. चंबळेवरच्या अंबाह-पिनाहटच्या पिपांच्या पुलात आणि लष्करी पुलात फरक काय?

वेळेचा. पिपांचा हंगामी पूल पाऊस सरल्यावर पिपे ओढून, दोर बांधून, फळ्या टाकून निवांत उभा करतात आणि पुढच्या पावसाआधी काढून ठेवतात. तो महिनोन्महिने जागेवर राहतो, म्हणून काठाचा रस्ता नीट करायला सवड मिळते. लष्करी पुलाला मिनिटं मिळतात आणि उजाडायच्या आत तो काढायचाही असतो. भार तोलायचं तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच.

प्र. ३. २८ टनांचं वाहन तरंगतं कसं? आणि वर रणगाडा गेला की बुडत का नाही?

एक घनमीटर पाणी बाजूला सारलं की एक टन उचललं जातं. बाकी सगळं भूमिती आहे.

एम-३ चं वजन सुमारे २८ टन. रस्त्यावर ते १३ मीटर लांब आणि ३.३५ मीटर रुंद असतं. बाजूचे तरंगते डबे उलगडले की रुंदी ६.५७ मीटर होते. सोयीसाठी हा सपाट तळाचा डबा धरला तर तळाचं क्षेत्रफळ १३ × ६.५७, म्हणजे सुमारे ८५ चौरस मीटर. एक टन भार वाढला की तो १.२ सेंटिमीटर खाली जातो. स्वतःच्या २८ टनांनी साधारण ३३ सेंटिमीटर बुडाला. खऱ्या वाहनाचा तळ निमुळता असल्याने ते याहून जास्त बुडतं, पण अंदाज यायला हे पुरे.

आता ४६ टनांचा टी-९० रणगाडा वर आला. तो एका वाहनावर कधीच पूर्ण बसत नाही. जोड ताठ असल्याने आजूबाजूची दोन-तीन वाहनं मिळून भार घेतात. ताठ जोड हे या पुलाचं अर्धं रहस्य आहे. जोड सैल असेल तर रणगाड्याखालचं वाहन एकटंच खाली जातं, पुढचं वर राहतं, मध्ये पायरी तयार होते आणि रणगाडा ती पायरी ढकलत नेतो. पूल तुटण्याची सुरुवात इथून होते.

प्र. ४. एम-३ चा पूल प्रत्यक्षात कसा जोडतात? टप्पे सांगा.

वाहन काठावर येतं, बाजूचे डबे हायड्रॉलिकने उलगडतात, पाण्यात शिरतं आणि तरंगायला लागलं की चाकं वर ओढून घेतं. चाकं खाली लोंबली तर प्रवाह त्यांना धरतो आणि उथळ पाण्यात ती तळाला घासतात. पाण्यात वाहन दोन पंप-जेटवर चालतं. हे जेट कुठल्याही दिशेला वळतात, त्यामुळे वाहन जागच्या जागी गोल फिरू शकतं आणि आडवंही सरकतं. हे आडवं सरकणं जमलं नाही तर दोन वाहनं जोडताच येणार नाहीत.

मग वाहन वळून प्रवाहाच्या रेषेत उभं राहतं. पुलाचा रस्ता वाहनाच्या लांबीच्या दिशेने जातो असं पुष्कळांना वाटतं. तो रुंदीच्या दिशेने जातो, म्हणजे वाहनं नदीला समांतर आणि रस्ता नदीला आडवा. प्रवाहाला नाक दिलं की पाणी कमी जोर लावतं, हे त्याचं कारण (प्र. १३).

प्रत्येक वाहनावर रॅम्पचे तुकडे असतात. वाहनावरचीच क्रेन ते उचलून दोन वाहनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवते, मग खुंट्या बसतात. शेवटच्या वाहनांचे रॅम्प काठावर टेकतात. एका वाहनावर तीन माणसं. ८ वाहनं आणि २४ माणसं मिळून साधारण १०० मीटर पूल करतात. सराव झालेल्या तुकडीला तो दहा-पंधरा मिनिटांत जमतो. नवख्या तुकडीचा वेळ जातो तो खुंट्या बसवण्यात. वाहन बोटभर जरी पुढे-मागे असलं तरी भोकं जुळत नाहीत आणि मग हातोडा मागवायचा मोह होतो. हातोडा मारायचा नाही. वाहन सरकवायचं.

पोलंडमध्ये २०१६ च्या 'अनाकोंडा' सरावात विस्तुला नदीवर जर्मन आणि ब्रिटिश तुकड्यांनी अशा वाहनांचा ३५० मीटर लांब पूल केला. योगायोग पाहा: डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशात कलेवा इथे चिंदविन नदीवर पाँटूनवर बेली पूल (सुट्या पोलादी चौकटी जोडून होणारा) टाकला होता. त्याची लांबी १,१५४ फूट, म्हणजे जवळपास तेवढीच.

प्र. ५. जिलुआ म्हणजे काय? ते युद्धात वापरलं गेलं का?

फ्रेंच लष्करी अभियंता जिलुआ याची ही रचना, १९५० च्या दशकातली. वाहनाच्या दोन्ही बाजूंना रबरी फुगे भरायचे आणि वरचा पुलाचा सांगाडा ९० अंशांत फिरवायचा. एम-३ च्या आधीची पिढी समजा.

ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इस्रायलने सुएझ कालवा ओलांडताना जिलुआ वाहनं जोडून तराफे केले आणि त्यांवरून पहिले रणगाडे पलीकडे नेले. फुग्यांचा दोष तिथेच उघडा पडला: तोफगोळ्यांच्या कपच्यांनी रबर फाटतं. फुगा हलका असतो, ट्रकवर मावतो, पण एक फुटला की वाहन तिरकं होतं आणि तिरक्या वाहनावर रणगाडा उभा राहत नाही. पुढच्या रचनांमध्ये धातूचे बंद डबे आले ते उगीच नाहीत.

प्र. ६. जुन्या काळी हे होतं का? मराठ्यांच्या फौजा नद्या कशा ओलांडत?

वाहनावरून होड्या नेऊन पूल करण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पू. ३२६ मध्ये सिंधूवर वापरलेल्या होड्या अलेक्झांडरने कापायला लावल्या, लहानांचे दोन तुकडे आणि मोठ्यांचे तीन. ते तुकडे गाड्यांवर लादून झेलमपर्यंत नेले आणि तिथे पुन्हा जोडले. आजच्या घडीच्या पाँटूनचा हा खापरपणजोबा. १५२८ मध्ये बाबराने कनोजजवळ गंगेवर होड्यांचा पूल बांधला. १८५७ च्या ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले तेही यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावरून.

मराठी वाचकाला यातलं दुखरं उदाहरण ठाऊक आहे. १७६० च्या पावसाळ्यात इटाव्याकडे यमुनेवर नावांचा पूल घालायचा सदाशिवरावभाऊंचा बेत होता आणि नावा जमवायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. यमुना फुगलेली होती, बेत बारगळला. ऑक्टोबरात अब्दाली मात्र बागपतजवळ उतार शोधून यमुनेपार झाला. दोष कुणाचा यावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यांत आजही वाद रंगतात. अभियंत्याच्या नजरेने बघितलं तर पुराच्या यमुनेवर नावांचा पूल त्या दिवसांत कुणालाही टिकवता आला असता का, याची शंकाच आहे (प्र. १५).

प्र. ७. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ताडपत्रीने बंद करून रांगेत बांधल्या तर पूल होईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पूर्ण हिशेब.

ट्रॉलीचा हौदा ३.३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि ०.६ मीटर खोल धरा. ट्रॉलीचं कोरं वजन दीड टन. हौदा काठोकाठ बुडाला तर सुमारे साडेतीन टन उचलतो. पण काठोकाठ कुणी चालवत नाही. निदान २० सेंटिमीटर काठ पाण्यावर राहिला पाहिजे. उरला ४० सेंटिमीटर, म्हणजे २.४ टन. त्यातून ट्रॉलीचेच दीड टन गेले. हाती राहिले ९०० किलो, आणि त्यातच फळ्या, बल्ल्या आणि दोरही आले.

इथपर्यंत पुष्कळ जण पोचतात आणि खूश होतात: बारा माणसं तर उभी राहतील! पुढची पायरी विसरतात. फळ्या हौद्याच्या काठावर असतात, माणसं त्यावर उभी असतात, त्यामुळे भाराचा मध्य पाण्यापासून मीटरभर वर जातो. सुटी ट्रॉली घेऊन हिशेब केला तर ९०० किलो भार मधल्या रेषेपासून १७-१८ सेंटिमीटर बाजूला सरकला की हौद्याचा काठ पाण्याला टेकतो. वीतभरसुद्धा नाही. एक जण मगर दिसली म्हणून ओरडला आणि सगळे त्या बाजूला झुकले की खेळ संपला.

ट्रॉल्या एकमेकींना ताठ जोडल्या तर झुकणं बरंच कमी होतं, पण त्यासाठी लागणाऱ्या लोखंडी बीमचं वजन पुन्हा त्याच ९०० किलोंतून जातं. शिवाय मागच्या फाळक्याच्या फटी. ताडपत्री आतून लावली तर पाण्याचा दाब तिला फटीतून आत ढकलतो. बाहेरून लावली तर दाब तिला पत्र्यावर चेपून धरतो. लावायचीच तर बाहेरून, तळाखालून घेऊन वर बांधायची, आणि धुऱ्याचे कोपरे आधी पोत्याने गुंडाळायचे. नाहीतर पहिल्याच धक्क्याला ती फाटते.

थोडक्यात, माणसांसाठी, साचलेल्या पाण्यात, नाइलाज असेल तर. मोटारसायकलही नको.

प्र. ८. रिकामा पाण्याचा टँकर तरंगेल का? त्याची टाकी तर बंदच असते.

तरंगेल, आणि तुम्हाला अडचणीत टाकेल. १२,००० लिटरची टाकी पूर्ण बुडाली तर १२ टन उचलते. ट्रकचं कोरं वजन ८ टन धरलं तर ४ टन शिल्लक. कागदावर ट्रॉलीपेक्षा कितीतरी सरस.

पण इंजिन टाकीच्या पुढे, टाकीच्या आधाराबाहेर असतं. म्हणून टँकर नाक खाली घालून तरंगतो. केबिन बुडते, शेपटी वर येते आणि टाकीच्या वरची गोल पाठ तिरकी होते. त्यावर फळ्या टाकणार कशा? दुसरं, चाकांपासून मोजलं तर त्याला तरंगायलाच दोन मीटरहून जास्त खोल पाणी लागतं, म्हणजे काठाजवळ तो तरंगत नाही, रुततो. आणि इंजिन, गिअरबॉक्स, धुऱ्यातलं तेल पाण्यात जातं ते वेगळंच.

टाकी ट्रकवरून उतरवली तर चित्र पालटतं. सुट्या बंद टाक्या आडव्या ठेवून, खाचेच्या लाकडी घोड्यांत बसवून, वर बीम टाकले की तो सरळ पिपांचा पूलच. वाहनातला उपयोगी भाग टाकी आहे, वाहन नव्हे.

प्र. ९. डब्यांत थर्मोकोल भरला तर जास्त वजन उचलतील ना?

नाही. उचलण्याची ताकद बाहेरच्या आकारमानावर ठरते. आत हवा असो की थर्मोकोल. उलट थर्मोकोलचं वजन तेवढं कमीच होतं. फायदा दुसरा आहे: डबा फुटला तरी आत पाणी शिरायला जागा नसते. एका डब्यात जाड पत्र्याचे तीन-चार कप्पे केले तरी हाच फायदा मिळतो आणि कप्पे उंदीर कुरतडत नाहीत.

प्र. १०. जीप ताडपत्रीत गुंडाळून नदीपार नेतात म्हणे. खरं आहे?

खरं आहे, दुसऱ्या महायुद्धापासूनची रीत आहे. मोठी ताडपत्री जमिनीवर पसरायची, जीप त्यावर मधोमध आणायची, कडा चारी बाजूंनी वर उचलून हूडच्या उंचीवर घट्ट बांधायच्या आणि सगळं गाठोडं दोराने ओढायचं. जीप स्वतःच्याच होडीत बसते. ताडपत्रीखाली खडा राहिला, स्प्रिंगचा बोल्ट बोचला किंवा काठ पाण्याखाली गेला की मिनिटभरात सगळं तळाला. ही पार जाण्याची युक्ती आहे. अशा गाठोड्यावर पुलाचा भार द्यायचा नाही.

प्र. ११. पाणी कमरेएवढंच असेल तर तरंगायची गरज काय? गाड्याच उभ्या करू.

बरोबर, आणि हे फार कमी लोकांना सुचतं. उथळ, टणक तळाच्या ओढ्यात बैलगाड्या किंवा ट्रॉल्या रांगेत उभ्या करून, त्यांत वाळूची पोती भरून, वर लांब बल्ल्या आणि फळ्या टाकायच्या. गाडी इथे खांबाचं काम करते. पोती हवीतच, कारण रिकामी गाडी पाणी चढताच तरंगायला लागते आणि खांब चालू लागला की पूल जातो. चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, जोखड प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवायचं.

हीच कल्पना रणगाड्याला लावली की ब्रिटिश चर्चिल 'आर्क' होतो. बुरूज काढलेला रणगाडा खड्ड्यात उतरवायचा आणि बाकीचे त्याच्या पाठीवरून न्यायचे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत तो वापरला. आपल्याकडच्या सिंध किंवा कुंवारी नदीच्या उन्हाळी पात्रात गाड्यांचे खांब चालतील. चंबळेच्या डोहात नाही.

प्र. १२. असे पूल बहुतेक कुठे फसतात?

काठावर. मध्यधारेत क्वचित.

चंबळेचा काठ डोळ्यांसमोर आणा. बीहडाची माती कोरडी असते तेव्हा विटेसारखी, ओली झाली की साबणासारखी. वरच्या पठारापासून पाण्यापर्यंतचा उतार वळणावळणाचा, अरुंद, आणि खाली वाळूचा पट्टा. तरंगणारं वाहन इथपर्यंत पोचलं तरच पूल होणार. ट्रकसाठी ओल्या मातीचा उतार १० मीटरला १ मीटर याहून तीव्र असेल तर चाकं फिरत राहतात. त्यामुळे पुलाच्या तुकडीच्या आधी डोझर लागतो, आणि डोझर आला नाही तर पूल दिवसभर पठारावर ऊन खात उभा राहतो.

पाण्यात शिरण्याच्या काठापेक्षा बाहेर पडण्याचा काठ लवकर खराब होतो. प्रत्येक वाहन आपल्या चाकांबरोबर किंवा साखळीबरोबर बादल्या-बादल्या पाणी वर घेऊन येतं आणि त्याच जागी ओततं. पहिलं वाहन कोरडा उतार चढतं. विसावं वाहन गुडघाभर चिखल चढतं. उपाय आधीच करायचा असतो: फांद्यांच्या जुड्या आडव्या दाबून, वर विटांचा चुरा, वर धातूची जाळी किंवा पट्ट्यांचा गालिचा. दर दहा-बारा गाड्यांनंतर माणसं उतरवून खाचा भरायच्या. जुड्या प्रवासाच्या दिशेला आडव्याच हव्यात; उभ्या टाकल्या तर चाक त्यांच्या मधून खाली जातं.

दुसरी चूक रॅम्पची. रॅम्पचं टोक मऊ वाळूवर टेकवलं तर भाराखाली ते रुततं, पुलाचं पहिलं वाहन तिरकं होतं आणि पहिल्याच जोडावर पीळ येतो. टोकाखाली रेल्वेचे लाकडी स्लीपर आडवे ठेवून भार पसरवायचा.

प्र. १३. प्रवाह किती असला तर चालतो? नांगर किती लागतात?

पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट. प्रवाहासमोर ३ मीटर रुंद आणि ०.६ मीटर बुडालेला बोथट तोंडाचा डबा घ्या. सेकंदाला १ मीटर वेगाला त्यावर साधारण ९० किलो जोर येतो, २ मीटरला सुमारे ३७० किलो, ३ मीटरला ८०० किलोच्या वर. असे २० डबे असतील तर २ मीटर वेगाला सगळ्या पुलावर ७ टनांहून जास्त ओढ. तोंड निमुळतं केलं की हा आकडा बराच उतरतो, म्हणून होडीला नाक असतं.

सेकंदाला एक मीटरच्या आत प्रवाह असेल तर नांगर आणि काठाला बांधलेले दोर भागवतात. दीड मीटरच्या पुढे गेलं की नदीवर आडवा पोलादी दोर ताणून पूल त्याला लटकवावा लागतो. आधुनिक वाहनं काही काळ आपल्या जेटच्या जोरावरही जागा धरतात, पण डिझेल संपेपर्यंतच.

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या ७ ते १० पट लांब हवा. आखूड दोर नांगराला वर उचलतो आणि नांगर नांगरत सुटतो. चंबळेच्या वाळूत चपट्या पात्याचा नांगर धरतो. खडकाळ पट्ट्यात तो घसरतो, तिथे काठावरचे खुंट भरवशाचे. खुंटाला एकटं ठोकू नका. एकामागे एक तीन खुंट, पुढच्याचं डोकं मागच्याच्या पायाला बांधलेलं.

प्र. १४. रात्रीत पाण्याची पातळी बदलली तर?

दोरांवर माणूस बसवावाच लागतो. चंबळेला वर कोटा बॅरेज आहे. तिथून पाणी सोडलं की इकडे आभाळ कोरडं असतानाही पातळी चढते. पातळी चढली की काठाचे दोर ताणले जातात आणि रॅम्पचं टोक जमिनीवरून उचललं जातं. उतरली की काठाजवळचं वाहन तळाला टेकतं, मधली तरंगत राहतात आणि त्या दोघांमधला जोड वाकतो. काठाला रंगाच्या पट्ट्यांची काठी रोवा आणि दर अर्ध्या तासाने वाचा. वीतभर फरक पडला की दोर सैल-घट्ट आणि रॅम्प पुढे-मागे.

प्र. १५. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंधेवरचे पूल वाहून गेले. अशा वेळी तरंगता पूल टाकता येतो का?

पूर चालू असताना नाही. वेग हा एकच अडथळा नसतो. पुरात उन्मळलेली झाडं येतात, आणि नदीभर पसरलेला पूल ती सगळी गाळणीसारखी अडवतो. एक झाड अडकलं की दुसरं त्याला अडकतं आणि काही वेळात पुलाला धरण लागतं. मग प्र. १३ मधला हिशेब डब्यांच्या रुंदीचा न राहता सगळ्या नदीचा होतो.

पुरात तराफा चालतो, कारण तो लाकूड येताना पाहून बाजूला होऊ शकतो. पाणी उतरून वेग आटोक्यात आल्यावर, कायमचा पूल होईपर्यंत, तरंगता पूल उपयोगी. तोवर सुटी लाकडं अडवायला पुलाच्या वरच्या अंगाला शंभरेक मीटरवर तिरकी तरंगती बल्ली बांधून ठेवायची.

प्र. १६. पुलावर 'क्लास ६०' लिहिलेलं असतं. म्हणजे ६० टन?

जवळपास, पण अगदी तेच नव्हे. वर्ग ठरवताना वजनाबरोबर धुऱ्यांमधलं अंतर, साखळीची लांबी, रुंदी हेही मोजतात. म्हणून एकाच पुलाला साखळीच्या वाहनांसाठी वेगळा आणि चाकांच्या वाहनांसाठी वेगळा वर्ग असू शकतो. एम-३ ला साखळीसाठी ८५ आणि चाकांसाठी १३२ वर्ग आहे.

४६ टनांचा टी-९० क्लास ६० वरून आरामात जातो. ६८ टनांचा अर्जुन एमके-१ए जात नाही. आणि 'एकदाच तर न्यायचा आहे' हा युक्तिवाद पुलाच्या खुंटीला कळत नाही.

प्र. १७. पुलावरून गाडी चालवायचे नियम काय?

हळू, मधोमध, न थांबता. गिअर आधीच टाकायचा. ब्रेक मारायचा नाही, कारण गाडी थांबताना पुलाला पुढे ढकलते आणि तो धक्का नांगरांच्या दोरांवर जातो. दोन रणगाड्यांमध्ये निदान ३० मीटर. गाडी बंद पडली तर चालकाने इंजिनशी खटपट करायची नाही. मागून येणारं वाहन तिला ढकलून किंवा काठावरची विंच ओढून बाहेर काढते. विंचचा दोर आधीच तयार ठेवायचा, घटना घडल्यावर शोधायचा नाही.

प्र. १८. बीएमपी आणि पीटी-७६ तर पोहतात. त्यांवर फळ्या टाकून पूल होईल?

पोहणं आणि भार वाहणं ही दोन वेगळी कामं. बीएमपी ही चिलखती गाडी आणि पीटी-७६ हा हलका रणगाडा. १४ टनांच्या आसपासचं असं वाहन स्वतःच्या वजनानेच बहुतेक सगळं पाण्यात बुडतं. वर थोडीच उंची राहते. वरचा पत्रा उतरता, मध्ये बुरूज, आणि हवा घेण्याची जाळी तिथेच. अजून दोन टन ठेवले तर पाणी इंजिनात.

ओढण्यासाठीही त्यांच्यावर फार भिस्त नको. डिसेंबर १९७१ मध्ये मेघना पार करताना पीटी-७६ ची इंजिनं लांब पोहण्याने तापली आणि काही रणगाड्यांना स्थानिक देशी नावांनी ओढत नेलं. तिथे साधी होडी रणगाड्यापेक्षा कामाची ठरली.

प्र. १९. एनसीसीच्या शिबिरात दाखवायला ड्रमचा छोटा पूल करायचा आहे. साहित्य सांगा.

२० मीटर लांब, एका रांगेत चालणाऱ्यांसाठी, साचलेल्या पाण्यावर. त्याहून जास्त नको.

२०० लिटरचा लोखंडी ड्रम स्वतःचं वजन वजा जाता साधारण १८० किलो उचलतो. दोन ड्रम टोकाला टोक लावून एक तराफा, म्हणजे ३६० किलो. त्यातले ६० टक्केच वापरायचे, सुमारे २१५. दर २ मीटरला एक तराफा ठेवला तर त्याच्या वाट्याला फळ्या-बल्ल्यांचे ६० किलो आणि मीटरभर अंतराने चालणारी दोन माणसं, १५० किलो. एकूण २१०. बसलं.

म्हणजे १० तराफे, २० ड्रम, आणि २ ड्रम जास्तीचे. ड्रमचं बूच वरच्या बाजूला यायला हवं आणि वॉशर नवा हवा. जुन्या वॉशरने पहिल्या तासात एक तरी ड्रम पाणी पितो. प्रत्येक ड्रम आदल्या दिवशी पाण्यात दाबून बुडबुडे पाहायचे. रसायनाचे ड्रम असतील तर आत काय होतं ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि त्यांवर वेल्डिंग तर कधीच नाही. वाफ उरलेली असते.

बल्ल्या साडेचार मीटरच्या, एकमेकींवर निदान अर्धा मीटर चढवलेल्या, म्हणजे जोड तराफ्यावर येतो, दोन तराफ्यांच्या मधल्या पोकळीवर नाही. चौकोनी बांध, आणि दोर ओला करूनच बांधायचा. सुती दोर भिजल्यावर आवळतो, पण नायलॉनचा सुटतो, म्हणून नायलॉनला तासाभराने पुन्हा ताण द्यायचा. सगळ्यांना लाइफ जॅकेट, पुलावर एका वेळी दहापेक्षा जास्त नाहीत, आणि पावलं मिळवून चालायचं नाही. कवायतीची सवय असलेल्या मुलांना हे शेवटचं तीनदा सांगावं लागतं, कारण ताल लागला की पूल हिंदोळतो.

प्र. २०. हा सराव चंबळेत करता येईल का?

नाही. मुरैना-भिंडकडचा चंबळेचा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येतो. घडियाल तिथल्या वाळूत वसंतात अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. वाळूच्या ज्या पट्ट्यावर तुम्ही रॅम्प टेकवाल, नेमका तोच त्यांना लागतो. तिघरा हा ग्वाल्हेर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, तिथे डिझेल किंवा रसायनाचे ड्रम उतरवायला कुणी परवानगी देणार नाही आणि मागूही नये. कॉलेजचा किंवा शेतातला पक्का हौद, छातीएवढं पाणी, आणि काठावर पोहता येणारा एक माणूस रिकाम्या हाताने उभा. त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, फोटो काढायचंसुद्धा.